इमारत नको, दार वाजवणारा माणूस द्या

प्रति,
वस्तीचा कारभार पाहणारे लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि रहिवासी समित्यांचे सदस्य

विषय : ज्येष्ठांसाठी नवी वास्तू उभारण्याआधी प्रत्येक वस्तीत एक पगारी समन्वयक नेमण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

माझं वय ७६. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं मी एकटी राहते आणि यापुढेही माझ्याच घरात राहायची माझी इच्छा आहे. ज्येष्ठांसाठी काहीतरी करायचं असं मनात आलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादं सभागृह येतं, एखादी बाग येते. त्यामागची भावना चांगली आहे, म्हणूनच तुम्हाला लिहायचं धाडस करते आहे. त्या वास्तूच्या आधी मला एक माणूस हवा आहे. त्याने काय करायचं आणि त्याला पगार का द्यायचा, ते सविस्तर सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी बाथरूममध्ये पडले. मांडीचं हाड मोडलं. फोन बाहेरच्या खोलीत होता. हाका मारून मारून घसा बसला. माझ्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. त्यांना रोज सकाळी माझ्या खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज ऐकू येतो. त्या दिवशी तो आला नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली, वर येऊन बेल वाजवली, मग शेजारच्या घरी ठेवलेली माझी जादा किल्ली मागून घेतली. तोवर मी जवळजवळ चार तास फरशीवर होते. पडल्यावर तासाहून अधिक वेळ तसंच पडून राहावं लागलं तर अंगातलं पाणी कमी होतं, दाबामुळे स्नायू खराब होऊ लागतात, कातडीला जखमा होतात. मोडलेल्या हाडापेक्षा हे पडून राहणंच कित्येकांना महागात पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठी ओलांडलेले सगळ्यांत जास्त असतात.

मी वाचले ती खुर्चीच्या आवाजामुळे. आवाज खाली झिरपेल अशी जुनी इमारत आणि तो रोज कानावर घेणारी शेजारीण, दोन्ही माझ्या नशिबाने जुळून आलं. पलीकडच्या रस्त्यावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ राहत होते. त्यांच्या खालचं घर रिकामं होतं.

रुग्णालयातून सोडलं तेव्हा माझ्या हातात चार पानं होती. औषधांची नावं, वेळा, पुन्हा दाखवायची तारीख. माझं घर कितव्या मजल्यावर आहे, जिन्याला कठडा आहे का, रात्री उठावं लागलं तर हाताला धरायला काय आहे, हे कोणी विचारलं नाही. ते विचारणं त्यांच्या कामात बसत नव्हतं, हे मला नंतर कळलं. मग ते कुणाच्या कामात बसतं, हे मी चार-पाच ठिकाणी विचारलं. प्रत्येक ठिकाणी पुढच्या टेबलाकडे बोट दाखवलं गेलं आणि शेवटच्या टेबलानंतर बोट दाखवायलाही कुणी उरलं नाही.

अंथरुणावर पडून राहण्याने काय होतं, ते मी अंगावर काढलं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं सुमारे १ किलो मांस झडलं होतं. ती माणसं निरोगी होती. मी घरी आले तेव्हा पाय दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे वाटायचे. पुढचे तीन महिने मला सर्वांत जास्त गरज होती ती रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं माझ्याबरोबर चालणाऱ्या माणसाची. व्यायाम कोणता, ते तज्ज्ञाने शिकवलं होतं. पण तो करताना शेजारी कुणी उभं असेल तरच मी भिंतीवरचा हात सोडत असे.

माणूस स्वतःच्या घरी किती स्वतंत्रपणे राहू शकतो, हे मोजायला डॉक्टर मंडळी दोन याद्या वापरतात. पहिली १९६३ साली सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणं, अशी सहा कामं तिच्यात आहेत. दुसरी १९६९ साली पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी मांडली. तिच्यात फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, आवराआवर, कपडे धुणं, प्रवास, वेळेवर औषधं घेणं आणि पैशांचे व्यवहार अशी आठ कामं आहेत. मी दोन्ही याद्या वहीत उतरवून घेतल्या आणि ओळखीच्या वीसेक म्हाताऱ्या माणसांच्या घरची परिस्थिती त्यांच्याशी ताडून पाहिली. हा काही अभ्यास नव्हे, माझ्या समाधानासाठी केलेली नोंद आहे. पण जवळपास प्रत्येक घरात आधी दुसऱ्या यादीतलं काहीतरी सुटलं होतं. बिल भरायचं राहिलं होतं, औषधाची रिकामी पाकिटं डब्यात तशीच पडली होती, किंवा रस्ता ओलांडायच्या भीतीने बाहेर जाणंच बंद झालं होतं. पहिली यादी त्यानंतर कोसळते. बाहेर पडणं थांबलं की पाय जातात, पाय गेले की अंघोळ जाते.

दुसरी यादी पुन्हा वाचा, एवढीच माझी विनंती आहे. तिच्यातल्या बहुतेक कामांना वैद्यकीय पदवी लागत नाही. शेजारपाजारच्या माणसांनी थोडा थोडा वेळ दिला तरी ती होतात. मग होत का नाहीत?

मागायला जड जातं म्हणून. मी घरी आल्यावर निदान तीस जणांनी मला सांगितलं, “काही लागलं तर सांगा हं.” प्रत्येकाच्या मनात खरोखर तसंच होतं. पण त्या एका वाक्याने सगळा भार माझ्यावर पडला. काय लागणार ते मीच ठरवायचं, कुणाला सांगायचं ते मीच निवडायचं, त्यांना आज वेळ असेल का याचा अंदाज मीच घ्यायचा आणि मग फोन उचलून ओशाळल्या आवाजात बोलायचं. मी तीसपैकी कुणालाही फोन केला नाही. सगळं आयुष्य दुसऱ्यांचं करण्यात गेलेल्या बाईला मागता येत नाही, आणि हे केवळ बायकांचंच आहे असंही नाही. खालच्या बाई वेगळं बोलल्या. “ताई, उद्या अकराला मी औषधांच्या दुकानात जाते आहे, तुमची चिठ्ठी दाराच्या कडीत अडकवून ठेवा.” मी चिठ्ठी ठेवली. त्यांच्या वाक्यात वेळ होती, काम होतं आणि मला काही मागावंच लागत नव्हतं.

त्यांच्याच पुढाकाराने आम्ही १९ जणांचा गट केला. कुणी माझ्याबरोबर चालायचं, कुणी कपडे वाळत घालायचे. माझं जमून आलं, तेव्हा वस्तीतल्या आणखी पाच-सहा घरांनाही जोडून घेतलं. सहा महिने सगळं उत्तम चाललं. नंतर मुलांच्या परीक्षा आल्या, एकाची बदली झाली, एकीच्या घरी आजारपण आलं. एका आजोबांकडे एकाच दिवशी तिघं जण जाऊन आले आणि नंतरचे अकरा दिवस कुणीच गेलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, दुसरा गेला असेल. चूक कुणाचीच नव्हती. वही कुणाकडे आहे हेच ठरलेलं नव्हतं. अकराव्या दिवशी ते आजोबा मला म्हणाले, “सवय लावून सोडून दिलं की जास्त लागतं.” त्या वाक्यापासून या पत्राची सुरुवात झाली असं समजा.

म्हणून पगारी माणूस. स्वयंसेवक येतात, थकतात, परत येतात, आणि तसंच असायला हवं. त्यांना तशी मोकळीक मिळावी, यासाठीच मध्ये एक असं माणूस लागतं ज्याचं ते रोजचं काम आहे. कुणाच्या घरी कोण जाणार, कोण जाऊ शकलं नाही, त्याच्या जागी कोण, ही वही त्याच्याकडे. रुग्णालयातून कोण सुटतंय, हे सुटण्याच्या आदल्या दिवशी त्याला कळलेलं. एका वस्तीला एक फोन, एक वही आणि एक माणूस. त्याला खोली नसली तरी चालेल, तो बसून राहणारच नाही.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात बीकन हिल भागातले काही रहिवासी म्हातारपण जवळ आलेलं पाहून एकत्र आले आणि २००२ साली त्यांनी आपली संस्था सुरू केली. वर्गणी काढली, काम पाहायला पगारी माणसं नेमली आणि एक फोन क्रमांक ठेवला. डॉक्टरकडे सोबत हवी, नळ गळतो आहे, एकटं वाटतंय, काहीही असो, तोच क्रमांक. ती कल्पना नंतर त्या देशात ठिकठिकाणी उचलली गेली. डेन्मार्कने १९९० च्या दशकात कायदाच केला. ७५ च्या पुढच्या नागरिकांच्या घरी जाऊन विचारपूस करण्याची तयारी नगरपालिकेने आपणहून दाखवायची, नागरिकाने अर्ज करायची वाट पाहायची नाही. नको असेल तर तो नाही म्हणू शकतो. नेदरलँड्समध्ये २००६ साली योस द ब्लोक या परिचारकाने ‘ब्यूर्टझोर्ख’ नावाची संस्था काढली. या शब्दाचा अर्थच शेजार-शुश्रूषा असा आहे. बारापर्यंत परिचारिकांचा एक गट एक परिसर सांभाळतो, आपलं वेळापत्रक आपण ठरवतो, आणि शेजारी, नातेवाईक, मित्र यांतून कोण काय करू शकेल हे जुळवून देणं हाही त्यांच्या कामाचाच भाग मानला जातो. श्रीमंत देशांची उदाहरणं देते आहे, हे मला कळतं. पण या तिन्हींत महागडं यंत्र कुठेच नाही. कुणीतरी आधी दारापर्यंत येतं, एवढंच त्यांत समान आहे.

आल्यावर काय विचारायचं, हेही महत्त्वाचं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सारा झँटन यांनी आखलेला एक उपक्रम मला फार आवडला. तिथे ज्येष्ठांच्या घरी तिघं जातात. एक परिचारिका, एक व्यवसायोपचार तज्ज्ञ (रोजची कामं सोप्या रीतीने करायला शिकवणारी) आणि एक हातोडी-स्क्रूड्रायव्हरवाला कारागीर. पहिला प्रश्न आजाराचा नसतो. तुम्हाला स्वतःहून काय करता यावंसं वाटतं, असा असतो. कुणी म्हणतं, मला माझ्या पायांनी वरच्या खोलीत जायचंय. मग कारागीर दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवतो, तज्ज्ञ पायरी चढायची पद्धत बसवून घेते, परिचारिका चक्कर आणणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलते. एका मोठ्या चाचणीत सुरुवातीला या लोकांना अंघोळ, कपडे घालणं अशा रोजच्या आठ कामांपैकी सरासरी जवळजवळ चार कामं जड जात होती. पाच महिन्यांनी ती संख्या दोनवर आली. औषध कोणतंही नवं नव्हतं.

माझ्या घरी जे बदल झाले ते सांगते, कारण ते करायला सुताराला एक दुपार पुरली. कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्का ठोकलेला आडवा दांडा. टॉवेलची सळई नव्हे, ती अंगाच्या भाराने उखडते. पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी, कारण माझ्या डोळ्यांना कडा दिसत नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर जळणारे मंद दिवे. सुटी पायपुसणी उचलून टाकली. बसायला हात असलेली, जरा उंच खुर्ची. (खुर्ची बदलली तरी तिचे पाय मी मुद्दाम उघडेच ठेवले आहेत, रबर लावलेलं नाही.) या सगळ्याला अपघातानंतरचा मुहूर्त लागला, याची मात्र खंत वाटते. तो दांडा आधी असता तर हे पत्र कदाचित मी लिहिलंच नसतं.

विचारपूस ही कधीकधी जिवाची गोष्ट असते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. त्या दिवसांत नेहमीपेक्षा सातशेहून अधिक माणसं जास्त मेली आणि त्यांत एकटे राहणारे म्हातारे खूप होते. नंतर अभ्यासकांनी शेजारशेजारच्या दोन भागांची तुलना केली. दोन्हीकडे गरिबी होती, दोन्हीकडे एकटे वृद्ध होते. एका भागात लाखामागे सुमारे ४० मृत्यू झाले, दुसऱ्यात सुमारे ४. कमी मृत्यू झाले त्या भागातले रस्ते जागते होते, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं पायी बाहेर पडत होती आणि ती दिसली नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येत होतं. उकाडा दोन्हीकडे सारखाच होता. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या लाटेत सुमारे १५ हजार जास्तीचे मृत्यू झाले, तेव्हाही सगळ्यांत मोठा घाला म्हाताऱ्यांवरच पडला. उन्हाळा, पूर, वीज जाणं, अशा वेळी आधी कुणाची दारं वाजवायची ही यादी आज आपल्यापैकी कुणाकडे तयार आहे? असेल तर ती शेवटी कधी तपासली?

आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते. आम्हाला फक्त घेणारे समजू नका. हाड जुळून आल्यावर मी बसल्या जागी काय करू शकेन, असं खालच्या बाईंनीच विचारलं. तेव्हापासून रोज सकाळी साडेआठ ते नऊ मी सात घरी फोन करते. “उठलात का? झोप लागली का? आज कोण येणार आहे?” तीन वेळा करूनही फोन उचलला नाही तर किल्ली कुणाकडे आहे ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. एका आजींना ऐकू कमी येतं, त्यांच्यासाठी ठरलं आहे की सकाळी त्या खिडकीचा पडदा उघडतील आणि समोरच्या घरातला शाळकरी मुलगा जाता जाता बघेल. यातून त्या सात जणांना किती मिळतं ते त्यांनी सांगावं. मला सकाळी वेळेवर उठायला कारण मिळालं, एवढं मी सांगू शकते. २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली होती. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे निम्म्याने जास्त आढळली. माझ्यापुरतं मला त्यात नवल वाटलं नाही. समन्वयकाच्या वहीत प्रत्येक ज्येष्ठाच्या नावापुढे दोन रकाने असावेत, काय हवं आणि काय देऊ शकतो. दुसरा रकाना कोरा राहिला तर तो पुन्हा जाऊन भरावा.

घरात आजारी जोडीदाराची एकहाती सेवा करणारी माणसं आम्हा एकट्या राहणाऱ्यांहून अधिक एकटी असतात. त्यांना आठवड्यातून तीन तास बाहेर पडता येईल, एवढी सोय तरी आधी करा. स्मृतिभ्रंश झालेल्या पतीला सांभाळणाऱ्या एका बाई मला म्हणाल्या होत्या, “मला मदत नको, मला झोप हवी आहे.”

तुमच्या शंकाही मला माहीत आहेत. घरच्यांनी काय करायचं, असं कुणी विचारेल. घरचे करतातच. माझी मुलगी दूर राहते, रोज फोन करते, सुट्टी मिळाली की येते. पण दुरून कुणाला माझी बेल वाजवता येत नाही. शेजार उभा राहिला तेव्हा तिच्या आवाजातली भीती कमी झाली आणि आम्ही पुन्हा औषधं सोडून इतर विषयांवर बोलायला लागलो. दुसरी शंका विश्वासाची, आणि ती रास्त आहे. एकट्या म्हाताऱ्याच्या घराची किल्ली आणि दिनक्रम चुकीच्या हातात पडला तर अनर्थ होईल. म्हणून माणूस ओळख तपासून नेमा, पैशांच्या व्यवहाराला त्याने हात लावायचा नाही असा नियम करा, वहीतली माहिती ज्याची त्याला विचारल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका, आणि ज्याला हे नकोच असेल त्याचं दार सन्मानाने बंद राहू द्या. तिसरी गोष्ट मीच सांगते. काहींना घरी राहणं शेवटी शक्य होणार नाही. रात्रंदिवस शुश्रूषा लागेल, तेव्हा त्यांनी संस्थेत जाण्यात कमीपणा नाही. पण बिलं भरता येत नाहीत, जिना उतरता येत नाही किंवा सकाळी कुणी विचारत नाही, एवढ्यासाठी कुणाचं घर सुटू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वयस्नेही, म्हणजे म्हाताऱ्यांना सोयीच्या, शहरांविषयी मार्गदर्शिका काढली, तेव्हा ३३ शहरांतल्या ज्येष्ठांना बसवून बोलतं केलं होतं. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी निरोगी वार्धक्यासाठी दिलं आहे. त्यातली निम्मी वर्षं गेली. माझी मागणी तेवढी मोठी नाही. एका वस्तीत, एका वर्षासाठी, एक माणूस नेमून बघा. वर्ष संपल्यावर वही उघडून मोजा. किती जण पडले, पडल्यावर किती वेळात कुणी पोचलं, रुग्णालयातून आलेले किती जण पुन्हा चालू लागले, किती जणांना घर सोडावं लागलं. आकडे चांगले निघाले नाहीत तर बंद करा, मी तक्रार करणार नाही.

या विषयावर बैठक घ्याल तेव्हा ती दिवसा ठेवा आणि तळमजल्यावर ठेवा. दाराशी पायरी असेल तर तिथे हात द्यायला कुणी उभं करा. बोलणाऱ्याने माइक वापरावा, आणि निदान दहा खुर्च्या हात असलेल्या असाव्यात. निरोप फक्त मोबाईलवर पाठवू नका, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दारोदार द्या. माझ्या सात जणांना मी स्वतः फोन करेन. त्यांतल्या चौघांनी यायचं कबूल केलं आहे. बाकीच्या तिघांना घेऊन यायला कुणीतरी लागेल.

कळावे.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची एक रहिवासी